बोळातलं पाणी

घर बघायला गेलो तेव्हा ह्यांनी खिशातून टेप काढला. मालक चहा सांगायला आत गेले होते. ह्यांनी सोप्याची लांबी मोजली, रुंदी मोजली, मग टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन तिरकं मोजलं. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून तिरकं. दोन कर्णांत साडेचार इंचांचा फरक. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. खोली चौकोनी दिसत होती एवढंच, ती आयत नव्हती. उद्यमबागेत ह्यांचं छोटं मशिन शॉप आहे. दिवसभर थाव (इंचाचा हजारावा भाग) आणि मायक्रॉनमध्ये वावरणारा माणूस. मला वाटलं, संपलं, निघा आता. बाहेर कट्ट्यावर येऊन टेकले आणि म्हणाले, "घेऊया की."

घर बेळगावातल्या शहापुरात. कट्टा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं परसू आणि परसात आड. रुंदी जेमतेम १८ फूट, लांबी ७० फूट. पुढून आलेला उजेड सोप्यातच दमतो, माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक. पूर्वेला दोन फुटांचा बोळ आणि बोळापलीकडे अक्कांचं घर. आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर अकरा वर्षं काढलेली. लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. जमिनीवरचं घर हवं होतं, नव्या वसाहतीतलं परवडत नव्हतं. जुन्या घराचं वेड वगैरे काही नव्हतं आम्हाला. ते नंतर लागलं, आणि तेही सक्तीनं.

ताबा मिळायच्या आधीच मी दोनशे पानी वही घातली. पहिल्या पानावर चौदा कामं. एक नंबरला मॉड्युलर किचन. मग सगळ्या घरभर व्हिट्रिफाइड फरशी, सोप्याला फॉल्स सीलिंग, मुलीसाठी माळ्याच्या जागी स्लॅबची खोली. सहावं काम बोळावर पत्रा टाकून तिथं अटॅच बाथरूम. चौदावं, अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं: पन्हळ बघणे.

२०२४ च्या अक्षय तृतीयेला घरभरणी केली. सासूबाईंनी मापटं भरून तांदूळ ठेवले, दूध उतू घातलं, गल्लीत पेढ्यांऐवजी कुंदा वाटला. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन मेस्त्रींना गाठलं. हे मेस्त्री वडगावचे, घरात कन्नड बोलणारे, आमच्याशी मराठी, आणि विचार करायला लागले की पुन्हा कन्नड. त्यांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "मॅडम, हे दिवस कौलाचे. मिरग तोंडावर आलाय. भिंतीचं नाव दिवाळीपर्यंत काढू नका." त्यांच्याकडं माणसंच नव्हती. मे महिन्यात आख्ख्या बेळगावात गवंडी मिळत नाही. ज्याचा स्लॅब अर्धा आहे तो आणि ज्याचं छप्पर गळतं तो, दोघं मिळून त्यांना पळवत असतात. तेव्हा आम्ही एक पावसाळा थांबलो त्यात आमचं शहाणपण काही नव्हतं. गवंडी मिळाला असता तर आम्ही जूनच्या आत त्या घराची वाट लावली असती.

आठ-दहा दिवसांनी रात्री वळीव झोडपून गेला. वारा, गारा, लाइट गेलेली. पहिला थेंब सासूबाईंच्या अंथरुणावर. मग एकेक भांडं निघालं. पातेली, हंडा, कुकर, मुलीच्या खोलीत प्लास्टिकचा टब. सासूबाई अंधारात नुसत्या आवाजावरून मोजत होत्या. अकरा ठिकाणी गळत होतं. "कुकरात पडतंय ते मोठं हाय," एवढंच बोलल्या.

कौलं परतायला खानापूरकडचा एक माणूस आला, त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा. चपला काढून दोघं रिपांवरून असे चालत होते की खालून बघताना माझा श्वास अडकायचा. कौलांवर माकडांच्या उड्या. त्यांनी फुटलेली तर होतीच, पण जास्त गळती न फुटलेल्या, नुसत्या सरकलेल्या कौलांतून होती. मंगळुरी कौलाला कडेनं खाच असते, एकाची खाच दुसऱ्याच्या कण्यात बसते. एक बोटभर सरकलं की खालच्या चार कौलांचा मेळ सुटतो. ह्यांना हे फारच आवडलं, कारण ह्यांच्या भाषेत तो फिटचा प्रश्न होता. आवडलं ते दुकानातून नवी शंभर कौलं आणेपर्यंत. नवी कौलं बसेनात. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच थोडी वेगळी, जुन्या कौलात नवं अडकवलं की एका बाजूला उचलतं आणि वारा तिथंच शिरतो. "सगळी बदला, नायतर जुनी हुडका," कौलवाला म्हणाला.

मग आमच्या रविवारच्या सकाळी पाडलेल्या घरांमागं गेल्या. शहापूर, खासबाग, अनगोळ. कुठं जुनं घर उतरवून बिल्डिंग उठते आहे याची खबर ह्यांना चहाच्या टपरीवर मिळायची. खिशात खाचेचा मोजका पत्रा कापून ठेवलेला, तो कौलाला लावून बघायचे. तिसऱ्या रविवारी आमच्याच साच्याची कौलं मिळाली, १४० नग, एकावर एक रचून ठेवलेली. पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा. मंगळुरात बासेल मिशननं कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ मध्ये, मग तिथं त्याच धर्तीचे बरेच कारखाने निघाले आणि किनाऱ्यावरून घाटावर सगळीकडं ती कौलं पसरली. आमची बासेलची नव्हेत, नंतर निघालेल्या एखाद्या कारखान्याची. तरी ती १४० कौलं टेम्पोतून घरी आणताना हे पुढं न बसता मागं कौलांजवळ बसले.

एकदा रिकाम्या तासाला मी हिशेब केला. छपराचा उतार धरून साधारण १०७ चौरस मीटर, मीटरला पंधरा कौलं, कौल अडीच किलोचं. म्हणजे चार टन माती आम्ही डोक्यावर घेऊन झोपतो. आणि ती सगळी सागवानी आढ्यावर आणि किंदळाच्या वाशांवर. कौलं उतरवलेली असताना मेस्त्रींना बोलावून वासे दाखवले. त्यांनी प्रत्येक वाशाला भिंतीत शिरतो त्या ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघितला. मधे ठोकून काही कळत नाही, लाकूड कुजतं ते भिंतीतल्या टोकाला. दोन वाशांत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. ते दोन बदलले. फॉल्स सीलिंग त्याच दिवशी वहीतून खोडलं. ते असतं तर वळवाचं पाणी वर साठलं असतं आणि वासा कुजल्याचं आम्हाला तो खाली आल्यावर समजलं असतं. माजघरावर मात्र चार काचेची कौलं घातली. सासूबाई आता तिथं तांदूळ निवडतात. सुपातला खडा दिसतो म्हणाल्या, एवढं मला पुरे.

मृग लागला. बेळगावचा पाऊस ज्यांनी बघितलेला नाही त्यांना सांगते, तो मुंबईसारखा कोसळत नाही. तो मुक्कामाला येतो. पंधरा-पंधरा दिवस झिमझिम, सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चपलेला बुरशी येते. छप्पर आता गळत नव्हतं, त्या आनंदात आम्ही आठ दिवस होतो. मग भिंत बोलायला लागली.

पूर्वेच्या भिंतीला, बोळाच्या बाजूच्या, जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट होता. आधीच्या मालकांनी ओल येते म्हणून वीसेक वर्षांपूर्वी केलेला. पेंट कोरडा ठणठणीत. पण त्याच्या वर, जिथं जुना मातीचा गिलावा सुरू होतो, तिथं काळपट पट्टा दिसायला लागला. हात लावला तर गार. मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, मृग. वर्गात फळ्यावर आलेख काढायची सवय, दुसरं काय. आर्द्रा लागल्यावर दुसरी रेघ, चार बोटं वर. पुनर्वसूला, म्हणजे तरण्या पावसात, तिसरी. पुष्याचा म्हातारा पाऊस निघाला तेव्हा ओल चार फूट नऊ इंचांवर होती आणि भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी फरशीवर पडत होती. सासूबाई रोज सकाळी ती झाडून काढायच्या आणि मला सुपलीत आणून दाखवायच्या.

त्या पावसाळ्यात मी आणखी एक गोष्ट मोजत होते, आधी गंमत म्हणून. आडातलं पाणी. मे मध्ये पोहऱ्याला वीस हात दोर लागायचा. जुलैच्या मध्यावर तीन हातांवर पाणी. काठावर बसलेला बेडूक आणि पाण्यात दिसणारा बेडूक यांच्यात फारसं अंतर उरलं नाही. घराखालची जमीन म्हणजे भिजलेला स्पंज आणि त्यात आमच्या भिंतीचा पाया बुडवलेला, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. पण आड तर घराच्या मागं मधोमध. मग ओल पूर्वेच्या भिंतीलाच का? सामाईक भिंत, जुनी, तितकीच मातीची, तिला एक वीतभरसुद्धा ओल नव्हती.

एका रविवारी भर पावसात मेस्त्री आले, वेगळ्याच कामाला. मी त्यांना रेघा दाखवल्या. आधी हसले. मग गप्प झाले, भिंतीवर वरपासून खालपर्यंत बोटांच्या मागच्या बाजूनं ठोकत गेले. सिमेंटचा भाग डबडब वाजत होता. "भिंत चांगली हाय, खरं तिला श्वास नाय," म्हणाले. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुण्याची माणसं इथं येऊन पहिले सहा महिने याच एका शब्दावर गोंधळतात.) मातीची भिंत खालून पाणी ओढणारच, त्याला इलाज नाही. पण ती ते अंगातून बाहेर टाकते, वाऱ्यावर वाळते. आधीच्या मालकांनी तिला सिमेंट आणि ऑइल पेंटचा रेनकोट घातला. पाण्याला बाहेर यायला वाट नाही, म्हणून ते रेनकोटाच्या आतून वर चढतं आणि गळ्यापाशी बाहेर पडतं. माझ्या वहीतली व्हिट्रिफाइड फरशी म्हणजे त्याच रेनकोटाची विजार झाली असती. जमिनीतून येणारी वाफ फरशीनं अडवली की ती भिंतीकडंच सरकणार. दोन नंबरचं काम मी तिथंच, त्यांच्यासमोर खोडलं.

मग छत्री घेऊन ते बाहेर गेले, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांची कन्नड सुरू झाली. "नीर एल्लिंद बर्तैति, अदन्न मोदल नोड्री." पाणी कुठनं येतंय, ते आधी बघा. बोळात घोटाभर पाणी होतं. आमच्या छपराची पागोळी आणि अक्कांच्या छपराची पागोळी, दोन्ही त्याच दोन फुटांत पडत होत्या, तीन महिने, दिवसरात्र. मागं परसाच्या बाजूला कुणीतरी कधीतरी सिमेंटची पायरी केलेली, त्यामुळे पाण्याला उतार राहिला नव्हता. ते तिथंच जिरत होतं, आमच्या जोत्यात.

बोळ साफ करायचा म्हटल्यावर प्रश्न आला, बोळ कुणाचा? आम्ही अकरा वर्षं फ्लॅटवाले, आम्हाला वाटलेलं तो अक्कांचा. पत्रा टाकताना त्यांच्याशी गोडीनं बोलू, असं मनात होतं. अक्कांकडं गेले तर त्यांचा पवित्रा आधीच तयार. "तुमचं पाणी आमच्या भिंतीला मारतंय नोड्री टीचर. आधीच्यांना दहा वेळा सांगितलं." त्यांच्या मते बोळ आमचा होता, आणि आमच्याच्यानं तो सांभाळला जात नव्हता. पुढं चहा झाल्यावर कळलं, त्यांचा मुलगाही त्यावर पत्रा टाकून दुचाकी लावायच्या विचारात होता.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नुसतं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. नकाशावर बोळ म्हणजे दोन रेघांमधली फट. मग आधीच्या मालकांनी दिलेलं कागदांचं गाठोडं सोडलं. आजवर ते आम्ही नुसतं कपाटात ठेवलेलं. वरचे कागद कन्नडमधले. मला कन्नड वाचता येतं, पण सरकारी कन्नड अडखळत. मुलगी भरभर वाचते. त्याखालचे मराठी. आणि सगळ्यांत तळाशी, घडीवर फाटलेलं, मोडीतलं १९३७ चं खरेदीखत, वर सांगली संस्थानाचा शिक्का. शहापूर तेव्हा सांगलीकर पटवर्धनांचं. रेल्वेलाइनीपलीकडचं बेळगाव इंग्रजांचं आणि हे संस्थानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, मुंबई आलं. १९५६ मध्ये म्हैसूर राज्य, १९७३ मध्ये त्याचंच नाव कर्नाटक. घर जागचं तसूभर हललं नाही, कागदावरचे मथळे तेवढे बदलत गेले.

मोडी वाचायला आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी आले. मोडीत आधी ओळ आखतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे एक वाक्य कुठं संपलं ते ठरवण्यात त्यांचा अर्धा तास जायचा. भिंग, पंखा बंद, सासूबाईंचा दोनदा चहा. घराचं माप खणांत आणि हातांत दिलेलं होतं. रुंदी बारा हात. हात म्हणजे दीड फूट, बारा हात म्हणजे अठरा फूट, आमच्या टेपवर सतरा फूट आठ इंच. ह्यांनी लगेच मान डोलावली, एवढा टॉलरन्स चालतो. चतुःसीमा वाचताना गुरुजी पूर्वेपाशी थांबले, चष्मा पुसला. बोळ दोघांचा. दोन्ही घरांच्या पागोळ्या त्यात पडायच्या, पाणी मागं परसाकडं वाहून जायचं, आणि दोघांपैकी कुणीही त्यात बांधकाम करायचं नाही.

सहावं काम खोडलं. अक्कांच्या मुलाचा पत्राही गेला, तो जरा खट्टू झाला. पण अक्का खूश. बोळ कुणाचा हे भांडण त्यांच्या सासूच्या वेळेपासूनचं, म्हणाल्या, आणि उत्तर आमच्या कपाटात झोपलेलं होतं. एका घराचे कागद वाचायला तीन पिढ्यांची तीन माणसं लागली, याची मला तेव्हा मजा वाटली. आता कधीकधी तशी मजा नाही वाटत.

खातं नावावर चढवायच्या फेऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. एका कार्यालयात सात वेळा गेले, सातव्या वेळी झालं. पहिल्या सहा वेळी काय कमी होतं ते आजही सांगता येणार नाही.

नवरात्र झालं, पाऊस सरला आणि बोळापासून सुरुवात केली. पायरी फोडली. चार पाट्या गाळ, दोन चेंडू, एक पितळी झारा. अक्कांनी झारा ओळखला. खाली मुरूम चोपून, परसाकडं उतार देऊन घडीव दगड बसवले, खर्च निम्मा निम्मा. पन्हळी ह्यांनी स्वतः शॉपमध्ये बनवल्या, जीआय पत्र्याच्या, दोन्ही घरांना एकसारख्या. पन्हळीला उतार किती द्यायचा यावर ह्यांचं आणि मेस्त्रींचं कट्ट्यावर तासभर चाललं. हे स्पिरिट लेव्हल घेऊन, मेस्त्री तांब्याभर पाणी घेऊन. शेवटी तांब्यानं ठरलं. चौदा नंबरचं काम पहिलं झालं, वहीत मी त्याला लाल पेननं बरोबरची खूण केली.

मग भिंत. सिमेंट काढणं हे घालण्यापेक्षा अवघड आहे, हे मला माहीत नव्हतं. घणानं मारलं तर सिमेंटच्या ढलपीबरोबर आतली कच्ची वीटच निघून येते. दोघं जण छिन्नीनं सहा दिवस एकेक टवका सोडवत होते. आत भिंत काळी, ओली, वास पोटमाळ्याचा नव्हे, विहिरीचा. ती तशीच उघडी ठेवली महिनाभर. पाहुणे यायचे, भिंत बघायचे, आमच्याकडं बघायचे. दिवाळीचा आकाशकंदील त्या उघड्या भिंतीवर लागला. नणंदेनं फोटो काढताना आम्हाला दुसरीकडं उभं केलं.

चुन्याचा गिलावा करायचा ठरला. मेस्त्रींनी स्वतः तो आयुष्यात दोनदाच केलेला, म्हणून त्यांनी त्यांच्या चुलत्यांना आणून परसात खुर्चीवर बसवलं. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, शब्द मोजके. कळीचा चुना आणला. परसात खड्डा करून त्यात पाणी घालून चुना सोडला, तर पाणी चुलीवर ठेवल्यासारखं खदखदायला लागलं. मुलीला लांब उभं केलं. मी विज्ञानाच्या तासाला हे शिकवलेलं नाही, पण हवं तर शाळेच्या सहलीला दाखवावं असं होतं. फक्त डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेत, एक शिंतोडा ह्यांच्या मनगटावर उडाला त्याचा डाग अजून आहे. तीन आठवडे तो चुना तसाच पाण्याखाली झाकून ठेवला. लोण्यासारखा झाल्यावर एकास तीन वाळू, आणि हिरडा भिजवलेलं गुळाचं पाणी. चुलते काठीनं तो कालवलेला गारा ढवळून बघायचे, "इन्नू," म्हणायचे. अजून. पोरं पुन्हा तुडवायला लागायची. हा 'इन्नू' आता आमच्या घरात रुळलाय, आमटी उकळताना सासूबाईसुद्धा म्हणतात.

चुना सिमेंटसारखा दुसऱ्या दिवशी टणक होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, आणि तोवर त्याला पाण्याचा हलका हबका मारून जपावं लागतं. एक थर, मग दुसरा, मग वर चुन्याचीच सफेदी. भिंत सरळ झालेली नाही. ह्यांना मी आधीच सांगितलेलं, ओळंबा लावायचा नाही.

सोप्यातली शहाबादी एका जागी खचलेली, ती उचलली तेव्हा खाली राख, विटांचे तुकडे आणि एक लाकडी धोटा निघाला. अक्कांना बोलावलं. त्यांनी धोटा हातात घेऊन फिरवला. "इथं माग होता. खड्डामाग." विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पायांनी पावड्या दाबायचा. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा, आणि माग बंद पडल्यावर खड्डे असेच हाताला येईल त्यानं भरले गेले. आम्ही सगळं काढून मुरमाचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मसानं चोपून घेतलं आणि तीच शहाबादी पुन्हा बसवली. धोटा देवघराच्या दिवळीत आहे. देवघरात का, असं मी सासूबाईंना विचारलं नाही.

वायरिंगचं थोडक्यात. लाकडी पट्टीतल्या जुन्या तारा, चिनी मातीचे फ्यूज, अर्थिंग कुठंच नाही. सगळं नवीन केलं. मातीच्या भिंतीत झिऱ्या मारायच्या नाहीत म्हणून पाइप भिंतीवरूनच फिरवला. दिसतो तो, दिसू दे. परसात आडापासून लांब अर्थिंगचा खड्डा केला, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज कुठं गळली की लाइट तोडणारा स्विच. पुढच्या पावसात तो रात्री-अपरात्री पडायचा, हे वायरमनला शिव्या घालायचे. शेवटी न्हाणीतला गिझर सापडला. त्याच्या कॉइलमधून विजेची गळती होती. तोच गिझर टिळकवाडीत आम्ही नऊ वर्षं वापरत होतो.

अंदाज होता अडीच लाखांचा. चार लाख दहा हजार गेले, आणि त्यात दाखवण्यासारखं काही नाही. घरी आलेला माणूस विचारतो, "काम कधी काढणार?" मी म्हणते, झालं की. तो पुन्हा भिंतींकडं बघतो. पन्हळ दाखवायला मी लोकांना बोळात नेते, तर ते चप्पल भिजेल म्हणून तोंडाशीच थांबतात.

स्लॅबच्या खोलीचा विषय मुलीनंच सोडला. काचेच्या कौलाखाली तिनं टेबल ओढलंय, वर पाऊस पडताना दिसतो. उतरवलेल्या कौलांपैकी पंचवीस शाबूत होती, ती परसात रचून ठेवली आहेत, माकडांच्या वाटणीची.

२०२५ च्या मृगाला मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले. गिलाव्याखाली गेल्या वर्षीच्या रेघा गेल्या होत्या, पण वहीत मापं होती. मृगाला काहीच नाही. आर्द्रेत एक फुटावर गार लागलं. तरण्या पावसात आड पुन्हा तीन हातांवर आला, तेव्हा दीड फूट. म्हाताऱ्यात दोन फूट दोन इंच. तिथं दहा दिवस थांबली आणि उघडीप पडल्यावर तीन दिवसांत वाळली. लोणा थोडा आला, चिमूटभर. मेस्त्री म्हणाले, जुनं मीठ आहे भिंतीत, दोन-तीन पावसाळे निघत राहील, ब्रशनं झाडा, पाण्यानं पुसू नका.

अक्कांनी ह्या वर्षी त्यांच्या भिंतीचंही सिमेंट काढायचं म्हटलंय. चुना एकाच खड्ड्यात विरवू, आमच्याकडं जागा आहे. चुलते येतील का ते मेस्त्री विचारून सांगणार आहेत.

मॉड्युलर किचनचं अजून ठरलेलं नाही. सुताराला दोनदा दाखवलं. त्यानं टेप लावला, मग तिरकं मोजलं, आणि विचारलं, "मॅडम, ही भिंत अशी का हो?" मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आत जाऊन चहाचं सांगून आले.